वारशात आलेली थ्री नॉट थ्री: ओळख, तपासणी आणि पहिला बार

जुन्या लष्करी रायफलीबद्दल एक समज फार घातक आहे: काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत) बसलं, बोल्ट (ती जागा मागून बंद करणारा दांडा) बंद झाला, म्हणजे ते काडतूस त्याच रायफलीचं. ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यात बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या रायफली .३०३, ७.६२, .३१५ आणि .४१० अशा चार वेगवेगळ्या काडतुसांसाठी बनल्या आहेत. त्या किती हातांतून गेल्या, कुठे दुरुस्त झाल्या, कुणी कुठला बोल्ट कुठे घातला, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. बरंचसं मात्र रायफलीच्या लोखंडावर ठोकलेलं असतं. म्हणून आधी वाचायचं, मग मोजायचं आणि त्यानंतर झाडायचं. हा क्रम उलटा करू नये.

पोलिसांच्या खांद्यावर आणि एनसीसीच्या कवायतीत आपण पाहिलेली थ्री नॉट थ्री ती हीच. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत ती हजारो घरांत सरप्लस, म्हणजे लष्कराने विकलेला जादा माल म्हणून गेली आहे. त्यातल्या बऱ्याच कलकत्त्याजवळच्या ईशापूर कारखान्याच्या आहेत, आणि सोबतच्या जुन्या खोक्यातली काडतुसं पुण्याच्या खडकीची असण्याची शक्यताही चांगली आहे.

आधी कायदा

भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. जुन्या वाड्यात माळ्यावर अशी रायफल सापडली तर ती झाडून बघण्याचा प्रश्नच येत नाही. पोलिस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या आणि रायफल कशी जमा करायची ते त्यांनाच ठरवू द्या. स्वतःच्या गाडीच्या डिकीत घालून ठाण्यात नेऊ नका. परवानाधारक वारल्यावर त्याची हत्यारं विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. हत्यार अप्रतिबंधित बोअरचं असेल तर कायदेशीर वारस स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करू शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. आजोबांच्या दोन आणि तुमची एक अशी बेरीज होत असेल, तर एक सोडावी लागेल.

महाराष्ट्रातल्या घरांत वारशाने येते ती बहुतेक वेळा .३१५, म्हणजे लोक जिला आठ एमएम म्हणतात ती. हीदेखील ली-एनफिल्डच आहे. साहेबाच्या काळात लष्करी काडतूस खाजगी हातांत जाऊ नये म्हणून हा वेगळा बोअर रुळला, आणि ईशापूरने तो नागरी बाजारासाठी पुढे चालू ठेवला. पुढची बरीचशी तपासणी तिलाही लागू आहे. गेज (चेंबर मोजायचे ठोकळे) आणि काडतूस मात्र वेगळं. तिच्यात .३०३ घालायचं नाही आणि .३०३मध्ये तिचं काडतूस घालायचं नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. सासऱ्यांनी मृत्युपत्रात रायफल तुमच्या नावे केली, एवढ्याने ही मनाई उठत नाही. ग्रीनकार्डधारकांना ती लागू नाही. कॅनडात त्यासाठीचा पीएएल परवाना, ब्रिटनमध्ये फायरआर्म सर्टिफिकेट आणि ऑस्ट्रेलियात साधारणतः कॅटेगरी बी लागते. आणि आठवण म्हणूनसुद्धा एखादं जिवंत काडतूस सामानात घालून भारतात येऊ नका. विमानतळावर एका काडतुसावरूनही गुन्हा दाखल होतो.

रिकामी आहे असं धरून चालू नका

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. मॅगझिनचा खटका ट्रिगर गार्डच्या आत, चापाच्या पुढे असतो. तो वर दाबून मॅगझिन काढा. मग बोल्टची मूठ वर करून मागे ओढा. डाव्या बाजूची सेफ्टी मागे असेल तर बोल्ट उघडणार नाही, ती पुढे करावी लागेल. ती पुढे म्हणजे रायफल झाडण्याच्या स्थितीत, हे भान तेवढ्या वेळात सुटू देऊ नका. बोल्ट मागे आला की चेंबरमध्ये बघा आणि करंगळी घालून चाचपा. नुसती नजर पुरत नाही, कारण काळ्या पडलेल्या चेंबरात काळी पडलेली पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) दिसत नाही.

बोल्ट गंजून अडकला असेल तर हातोडी लावू नका. आत काडतूस आहे असं समजूनच ती रायफल बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे गेली पाहिजे, आणि नेण्यापूर्वी त्याला तसं फोनवर सांगायचं.

बोल्ट बाहेर काढण्यासाठी तो पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं उजव्या बाजूने वर उचला. नमुना कसा ओळखायचा ते पुढे येतं: नंबर १मध्ये ते थोड्या जोराने सुटतं. नंबर ४ मार्क १मध्ये मागे एक खटका दाबावा लागतो, तर मार्क १*मध्ये पट्टीत पुढे एक खाच आहे, तिथे आणून डोकं फिरवायचं.

खुणा कुठे वाचायच्या

दस्ता ज्या लोखंडी खोबणीत शिरतो तिची उजवी बाजू बघा. कापडावर थोडं तेल घेऊन पुसा आणि टॉर्च समोरून न धरता तिरपा धरा, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, मग कारखाना, वर्ष आणि शेवटी नमुना, असा हा मजकूर असतो. कारखाना एनफिल्ड, बीएसए, एलएसए, लिथगो किंवा ईशापूर यांपैकी असेल. "एसएचटी एल.ई." आणि रोमन तीन असेल तर ती १९०७ची मार्क ३. तिच्यापुढे चांदणी असेल तर १९१६पासूनची मार्क ३*, जिच्यात पहिल्या महायुद्धाच्या घाईत मॅगझिनची आडपट्टी आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट वगळली गेली. १९२६नंतर याच रायफलीला नंबर १ म्हणायला लागले.

ईशापूरच्या जुन्या रायफलींवर मुकुटाखाली "जी.आर.आय." असतं, स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर अशोकस्तंभाचे सिंह. मॅगझिनच्या किंचित पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसला, तर रायफल इंग्लंडात बनली असली तरी भारतात नोकरी करून आली आहे असं समजा. लाकूड फुटू नये म्हणून तो इथे मारत.

नंबर ४ ही दुसऱ्या महायुद्धातली. तिची ओळख सोपी आहे: नळीचं टोक लाकडाच्या पुढे स्पष्ट आलेलं असतं, आणि बॅकसाइट नळीवर नसून मागे, डोळ्याजवळ असते. नमुन्याचं नाव डाव्या बाजूला कोरलेलं असतं. "यू.एस. प्रॉपर्टी" दिसलं तर सॅव्हेज कारखाना, "लाँग ब्रँच" दिसलं तर कॅनडा. आखूड नळी आणि तोंडाशी शंकूसारखा फ्लॅश हायडर असलेली नंबर ५ म्हणजे जंगल कार्बाइन. अमेरिकेत दुसऱ्या ली-एनफिल्ड कापून अशा दिसणाऱ्या बऱ्याच रायफली बनवल्या गेल्या, तेव्हा आकारावर न जाता कोरलेला नमुना वाचा.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. "७.६२ एमएम २ए" किंवा "२ए१" लिहिलेली ईशापूर रायफल .३०३ नव्हे. १९६२च्या चीन युद्धानंतर ईशापूरने ती ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवली. जुन्या .३०३ला नवी नळी लावून ती केली, असं सर्रास सांगितलं जातं, ते खोटं आहे. ती नव्याने, अधिक मजबूत पोलादाची बनली. तिचं मॅगझिन तळाशी चौकोनी आणि १२ गोळ्यांचं असतं, .३०३चं तळाशी तिरकं आणि १० गोळ्यांचं. २ए१ची बॅकसाइट ८००पर्यंतच आखलेली असते. मात्र मॅगझिन बदलता येतं, म्हणून नुसत्या मॅगझिनवरून निर्णय करू नका.

शेवटी नंबर जुळवा. रायफलीचा नंबर पुढच्या कड्यावर, नळीच्या मुळाशी, बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला, बॅकसाइटच्या पट्टीखाली आणि पुढच्या लोखंडी टोपीवर सापडतो. साइटचा नंबर वेगळा असला तर संग्राहकाला वाईट वाटेल, तुम्हाला फरक पडत नाही. बोल्टचा नंबर वेगळा असेल तर फरक पडतो. या रायफलीत बोल्टला अडवणारे दोन खांदे मागे असतात आणि ते त्या त्या रायफलीला घासून बसवलेले असतात. परका बोल्ट एकाच खांद्यावर टेकू शकतो, मग सगळा धक्का एकीकडे जातो.

ज्या झाडायच्याच नाहीत

डीपी अक्षरं असलेली रायफल. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. एनसीसीत ज्यांनी ही खांद्यावर वागवली त्यांना ती अक्षरं ओळखीची असतील. ती लोखंडावर, नळीवर, बोल्टवर, दस्त्यावर कुठेही असू शकतात. काहींच्या चेंबरला भोक पाडलेलं असतं, काहींच्या स्ट्रायकरचं (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईचं) टोक छाटलेलं असतं, आणि काही वरून ठणठणीत दिसतात. आर्मररने ती बाद का केली ते आता कळायला मार्ग नाही, म्हणून ती भिंतीवरच राहू द्या. भाग बदलून "चालू" केलेली डीपी त्याहून वाईट.

खैबर खिंडीच्या हातबनावटीच्या नकला. अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांसोबत या बऱ्याच आल्या. अक्षरं वाकडी, इंग्रजी एन उलटा, मुकुट बेढब, आणि तारखा अशक्य. व्हिक्टोरिया राणी १९०१मध्ये वारली, त्यामुळे "व्ही.आर." आणि मार्क ३ एकाच रायफलीवर खऱ्या कारखान्यात ठोकलं जाऊच शकत नाही. यांचं पोलाद काय दर्जाचं, कुणी सांगू शकत नाही.

.४१० मस्केट. ईशापूरने जुन्या .३०३ घेऊन पहाऱ्याच्या कामासाठी नळी आतून गुळगुळीत, एकबारी केली. नळीत आटे (पिळदार खाचा) दिसले नाहीत की थांबा. हिच्यात .३०३ कधीही नाही, आणि चेंबर मोजून घेतल्याशिवाय बाजारातलं .४१० शॉटशेलसुद्धा नाही, कारण काहींची चेंबरं मूळची आहेत आणि काहींची नंतर कुणी कुणी खोदली आहेत.

पुढच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळून झाळलेली रायफल हातगोळे फेकायला वापरली जाई. ईवाय हा शिक्काही तेच सांगतो. त्या धक्क्यांनी लोखंडाचं काय झालं ते बाहेरून दिसत नाही. आम्ही अशी रायफल झाडण्याचा सल्ला देणार नाही.

साफ करून मग बघणे

साठवणीचं घट्ट ग्रीस मिनरल टर्पेंटाइनने पुसून काढा. चेंबर आणि बोल्टचं डोकं पूर्ण कोरडं झालं पाहिजे. झाडताना काडतुसाची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि मागे येणारा धक्का काही अंशी नळीच पेलते. चेंबरमध्ये तेल राहिलं तर पुंगळी घसरते आणि तो सगळा भार बोल्टवर येतो.

नंबर १चा दस्ता स्क्रू फिरवून सरळ काढायला जाऊ नका. आतल्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, फिरवलंत की पुढचं लाकूड चिरतं. आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मग दस्ता.

बोल्ट बाहेर काढून मागून नळीत बघा. पुढे पांढरा कागद धरा. आटे धारदार नसले, थोडे खड्डे असले तरी ती झाडण्याजोगी असू शकते. मात्र नळीत कुठेही आडवी काळसर कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. त्या जागी बाहेरून बोट फिरवलं तर कधीकधी उंचवटा लागतो. अशी नळी बाद.

लाकूड ट्रिगरच्या वरच्या भागात चिरलं आहे का ते बघा, धक्का तिथेच बसतो. बोल्टचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा दात, तुटलेला नको, स्ट्रायकरचं टोक गोलसर आणि गुळगुळीत हवं. रिकामी रायफल कॉक करून सेफ्टी लावा, चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. त्या क्षणी खटका पडला तर रायफल झाडायच्या लायकीची नाही. बोल्ट जोरात पुढे ढकलून बघा, दस्ता जाड चटईवर थोडा आपटून बघा. कॉकिंग पीस (बोल्टच्या मागच्या टोकाचा, ताणून अडलेला भाग) जागचा हलता कामा नये. नंबर ४ मार्क १* असेल तर बोल्ट-डोक्याच्या पट्टीतली खाच बारकाईने तपासा. तिथली कड कपची उडून झिजते आणि मग बोल्ट मागे ओढताना डोकं वर उसळतं.

हेडस्पेस

बोल्ट बंद असताना त्याच्या तोंडापासून काडतुसाला थांबवणाऱ्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०३ला मागे कड असते आणि काडतूस त्या कडेवर थांबतं, म्हणून इथे मोजायचं ते कडेच्या जाडीइतकं छोटं अंतर. ब्रिटिश लष्करी हिशेबात ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर होता कामा नये. मूठ दोन बोटांच्या टोकांनी फिरवा. जोर लावलात तर बाद रायफलही पास होईल आणि गेजही खराब होईल.

अंतर जास्त निघालं तर नंबर ४वर उपाय सोपा आहे, कारण तिची बोल्ट-डोकी ०, १, २, ३ अशा वाढत्या लांबीत मिळतात. नंबर १ला असे आकडे नाहीत, एकेक डोकं मोजून बसवावं लागतं. हे काम बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाच द्या. तो ली-एनफिल्ड जाणणारा असावा, कारण नुसत्या आधुनिक रायफली बघितलेला माणूस .३०३चं ऐसपैस चेंबर बघून घाबरतो. खंदकातल्या चिखलातही काडतूस आत जावं म्हणून ते खांद्याशी मुद्दाम मोकळं ठेवलेलं आहे. त्यामुळे झाडलेली पुंगळी खांद्याशी फुगलेली दिसणं हे या रायफलीत नेहमीचंच.

७.६२च्या २ए१ला कड नसलेलं काडतूस लागतं, तिचे गेज अर्थातच निराळे.

काडतूस

.३०३साठी लष्करी मानक होतं मार्क ७: १७४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) सपाट बुडाची गोळी, सेकंदाला २,४४० फूट वेग. साइट त्याच गोळीसाठी आखलेल्या आहेत, म्हणून तिच्याजवळ जाणारं नवं काडतूस घ्या. सर्बियाच्या प्रवी पार्टिझान आणि चेक सेलियर अँड बेलोची १७४ ते १८० ग्रेनची काडतुसं सहज मिळतात. त्यांचे प्रायमर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) गंज आणत नाहीत. गोळीचा व्यास ०.३११ किंवा ०.३१२ इंच हवा. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी .३०८ची गोळी वापरू नये. ती आट्यांना धरत नाही आणि निशाण भरकटतं. झिजलेल्या नळीत सपाट बुडाची गोळी निमुळत्या बुडाच्या गोळीपेक्षा बरी बसते.

वारशातल्या खोक्याचं काय? पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचा. इंग्रजी केएफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९पासूनचा. त्यासोबत वर्ष आणि रोमन सात. सातनंतर झेड असेल तर आत नायट्रोसेल्युलोजची दारू, नसेल तर कॉर्डाइट. मार्क ८झेड मशीनगनसाठी होतं, रायफलीत नको. बुडावर डब्ल्यू, जी किंवा बी असेल तर ती अनुक्रमे चिलखतभेदी, ट्रेसर आणि आग लावणारी काडतुसं. ती रेंजवर न्यायचीच नाहीत.

साधी केएफ काडतुसंही झाडू नयेत, असंच आम्ही म्हणू. ती वाईट बनली होती असा याचा अर्थ नाही. अर्धं शतक कुठल्यातरी दमट गोदामात काढल्यावर प्रायमर मंदावतो, चाप ओढल्यावर नुसता टक आवाज येतो आणि बार थोड्या वेळाने उडतो. हिरवट थर, मानेवर चीर, बोटांनी हलणारी गोळी, यांपैकी काहीही दिसलं तर ते काडतूस बाद. संग्रहासाठी ठेवा किंवा पोलिसांकडे जमा करा.

२ए१मध्ये ७.६२ नाटो बॉल काडतूस, साधारण १४७ ग्रेनचं. दुकानातलं .३०८ विंचेस्टर बाहेरून सारखंच दिसतं आणि आत बसतंही, पण त्यातल्या काही भरणी जास्त दाबाच्या असतात. जुन्या रायफलीला तो ताण का द्यायचा?

पहिला बार दुरून

सगळं पास झालं तरी पहिली गोळी खांद्याला लावून झाडू नका. रेंजच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन रायफल जुन्या टायरमध्ये पट्ट्यांनी घट्ट बांधा, तोंड मातीच्या बांधाकडे. मॅगझिनमध्ये काही नाही, चेंबरमध्ये एकच काडतूस. चापाला लांब दोरी बांधा, ती सरळ मागे ओढली जाईल अशी. काडतूस सगळ्यात शेवटी भरायचं, आणि ओढणारा माणूस भक्कम आडोशामागे. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, आजूबाजूच्या सगळ्यांना.

बार झाला की पुंगळी हातात घेऊन नीट बघा. प्रायमरला भोक पडलेलं नको, तो पार सपाट झालेला नको, बुडाबाहेर आलेला नको. मग कडेपासून साधारण एक सेंटिमीटर वर पितळेवर चकचकीत आडवी रेघ आहे का बघा. कागदाची टाचणी सरळ करून तिचं टोक किंचित वाकवा आणि पुंगळीच्या आतून त्याच जागेवर ओढा. खाच लागली तर पितळ तिथे ताणून पातळ झालं आहे, पुढच्या वेळी ते तिथून तुटेल आणि अर्धी पुंगळी चेंबरमध्ये अडकेल. याचं कारण बहुधा जास्तीचं हेडस्पेस. परत गेजकडे जा. पुंगळ्या पुन्हा भरणार असाल तर फक्त मान आकाराला आणा, सबंध पुंगळी दाबून मूळ मापाला आणू नका. नाहीतर या मोकळ्या चेंबरमध्ये ती दर वेळी ताणली जाते आणि लवकर तुटते.

दोन-तीन बार दुरून नीट झाले की मग खांदा.

रेंजवर

ली-एनफिल्डचा चाप दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा हलका आणि लांब, मग अडतो, त्यानंतर थोडा दाब आणि बार. नवख्याला पहिला टप्पाच बार वाटतो, म्हणून आधी रिकाम्या रायफलीवर सवय करा. बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग ताणली जाते, तेव्हा शेवटी जोर लागतो. तो दोष नव्हे.

काडतुसं भरताना कडांकडे लक्ष द्या. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे असायला हवी. मागे राहिली तर बोल्ट वरचं काडतूस ढकलताना ते खालच्याला अडकतं आणि सगळं जाम होतं. लोक मग मॅगझिनला दोष देतात. पाचच्या चार्जर क्लिपमध्ये कडा एक खाली, एक वर अशा आलटून पालटून लावतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी क्लिप चालते.

नुसता टक असा आवाज आला आणि बार झाला नाही, तर रायफल तशीच निशाणाकडे धरून किमान एक मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. बार झाला पण आवाज फुसका आला, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर पुढचं काडतूस अजिबात भरू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्ट काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा.

पहिल्या पाच गोळ्या २५ यार्डांवर, मग १०० वर. कागदावर गोल भोकाऐवजी आडवं, किल्लीच्या भोकासारखं भोक पडत असेल तर गोळी लोळत जाते आहे: नळी फार झिजली आहे किंवा गोळी बारीक आहे. नंबर १ची साइट २०० यार्डांपासून सुरू होते, म्हणून १०० वर गोळ्या थोड्या वर लागणं साहजिक आहे. फारच वर लागत असतील तर फोरसाइटचं पातं उंच बसवा. उंच पात्याने गोळी खाली येते. डावं-उजवं जुळवायला पातं खाचेत सरकवतात, पण त्यासाठीचं क्लॅम्प वापरा, हातोडीने ते हवं तेवढंच सरकत नाही.

नळी धुणे

जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून मिठासारखा क्षार मागे राहतो, हवेतला ओलावा ओढून घेतो आणि एका रात्रीत नळीत गंज चढवतो. तेलात तो क्षार विरघळत नाही. अमोनिया तांबं काढतो, क्षार नाही. क्षार काढतं ते पाणी. ब्रिटिश शिपायाला उकळतं पाणी ओतायला लावत ते याचसाठी. जुनं काडतूस एकजरी झाडलं असेल, किंवा नेमकं कुठलं झाडलं याची खात्री नसेल, तर त्याच दिवशी धुवा.

बोल्ट काढा. पाइप लावलेलं नरसाळं चेंबरमध्ये घट्ट बसवा म्हणजे पाणी लाकडाखाली मुरत नाही. तोंड खाली धरून साधारण एक लिटर उकळतं पाणी ओता. बोल्टचं डोकंही त्याच पाण्याने धुवा, क्षार तिथेही बसतो. नळी गरम असल्याने ती स्वतःच बरीचशी सुकते. मग कोरड्या चिंध्या काढा, शेवटी तेलाची एक. पुल-थ्रू (चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी) वापरत असाल तर तो चेंबरकडून तोंडाकडे, अगदी सरळ रेषेत ओढा. दोरी तोंडाच्या कडेला घासत राहिली तर तिथे खाच पडते आणि निशाण कायमचं बिघडतं. दस्त्याच्या मागच्या झडपेखाली पितळेची तेलाची बाटली आणि पुल-थ्रू अजून जागेवर आहे का तेही बघून घ्या, पुष्कळदा असतो.

लाकडाला कच्चं जवसाचं तेल पुरतं, वॉर्निश नको. कातडी किंवा लोकरीच्या म्यानात रायफल महिनोन्महिने ठेवू नका, ते ओल धरतात. कोकण आणि गोव्यातल्या .३१५वाल्यांनी तर पावसाळ्याचे चार महिने दर पंधरा दिवसांनी नळी बघावी. काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा.

धुतल्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकेक स्वच्छ चिंधी पुन्हा ओढा. ती तांबूस निघाली तर क्षार राहिला आहे, पाणी परत उकळायला ठेवा.